ट्यूब अँपची घरघर ‘चालायचंच’ म्हणून सोडून देऊ नका

संपादक महोदय, नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत ट्यूबच्या (म्हणजे काचेच्या व्हॉल्व्हच्या) आणि सॉलिड स्टेट (म्हणजे ट्रान्झिस्टरच्या) अँप्लिफायरची तुलना करणारा लेख आला तो वाचला. विषय घेतलात त्याबद्दल आधी मनापासून आभार, मराठी पेपरात ऑडिओवर कोणी फारसं लिहीतच नाही. पण त्यात नॉईजबद्दल, म्हणजे गाण्यात मिसळणाऱ्या नको त्या आवाजाबद्दल, जे म्हटलंय ते वाचून गप्प बसवेना म्हणून हे लांबलचक पत्र. लेखाचा सूर असा की ट्यूबचा अँप म्हटला की थोडी घरघर, थोडा हिस (सूं असा बारीक आवाज) हा यायचाच, तो त्याचा स्वभावच आहे, आणि ट्रान्झिस्टरचा अँप मुळातच शांत. पुरावा म्हणून दोन अँपचे सिग्नल टू नॉईज रेशोचे आकडे शेजारी शेजारी छापलेत. मी बरीच वर्षं हौस म्हणून दोन्ही प्रकारचे अँप बनवतो, दुरुस्त करतो, आणि हे ‘स्वभाव आहे’ वालं वाक्य लोकांचं किती नुकसान करतं ते बघत आलोय. माणूस घरघर ऐकतो, दुकानदार सांगतो ट्यूब आहे चालायचंच, माणूस गप्प बसतो, आणि आत पॉवर सप्लाय गाळणारा फिल्टरचा कपॅसिटर सुकत चाललेला असतो.

आधी आकड्यांचं बोलू, कारण गोंधळ तिथूनच सुरू होतो. सिग्नल टू नॉईज रेशो म्हणजे सिग्नल नॉईजच्या किती वर आहे ते डेसिबलमध्ये. पण कुठला सिग्नल? बहुतेक कंपन्या पूर्ण पॉवरचा सिग्नल धरतात, काही जण १ वॅटचा धरतात, आणि जाहिरातीत हे लिहिलेलं असेलच असं नाही. एक हिशोब करून बघा. समजा दोन अँप आहेत आणि दोघांच्याही स्पीकरच्या टर्मिनलवर नॉईज अगदी सारखाच आहे, ०.३ मिलिव्होल्ट. पहिला ट्रान्झिस्टरचा, ८ ओहमवर १०० वॅट देणारा, म्हणजे फुल आउटपुट साधारण २८.३ व्होल्ट. त्याचा रेशो येतो ९९.५ डेसिबल. दुसरा छोटा ट्यूबचा, ८ वॅटचा, फुल आउटपुट ८ व्होल्ट, त्याचा रेशो येतो ८८.५ डेसिबल. कागदावर ११ डेसिबलचा फरक दिसला, वाचणारा म्हणणार बापरे ट्यूबवाला किती नॉईज करतो, आणि प्रत्यक्षात त्याच स्पीकरला कान लावला तर दोघांचा आवाज तंतोतंत तेवढाच. हा सगळा फरक पॉवरचा आहे, नॉईजचा त्यात काहीच संबंध नाही. तुमच्या तक्त्यात संदर्भाची पॉवर दिलेलीच नाही, मग तो तक्ता वाचायचा कसा?

दुसरी गोष्ट ए-वेटिंग. बरेचदा आकड्याच्या मागे डीबी-ए असं लिहिलेलं असतं, म्हणजे मोजताना असा फिल्टर लावलाय जो खालचे आणि फार वरचे सूर कमी धरतो. ५० हर्ट्झला तो ३० डेसिबल कमी करतो, १०० हर्ट्झला १९ डेसिबल. आता ट्यूब अँपची मुख्य तक्रार कुठली, तर हमची, म्हणजे मेन्सच्या विजेमुळे येणाऱ्या खोल घरघरीची, आणि हम येतो नेमका ५० आणि १०० हर्ट्झवर (जिथे मेन्स ६० हर्ट्झची आहे तिथे ६० आणि १२०). म्हणजे एका अँपचा आकडा ए-वेटिंगने घेतला आणि दुसऱ्याचा तसाच सरळ घेतला तर हम असलेला अँपसुद्धा चक्क शांत दिसू शकतो. ए-वेटिंग ही फसवणूक आहे असं मी अजिबात म्हणत नाही, माणसाच्या कानाला खालचे सूर खरंच कमी ऐकू येतात. शांततेत ५० हर्ट्झचा शुद्ध सूर ऐकू यायला साधारण ४४ डेसिबल एवढा आवाज लागतो, १०० हर्ट्झला २६-२७ डेसिबल, आणि १ किलोहर्ट्झला जेमतेम २-३ डेसिबल पुरतो. म्हणून तर तेवढ्याच व्होल्टेजचा हिस कानाला जास्त टोचतो. पण दोन अँपची तुलना करायची तर दोघांना एकच मोजपट्टी लावा आणि कुठली लावली ते छापा, एवढीच मागणी आहे.

आता हिस म्हणजे काय आणि तो येतो कुठून. हा तो सूंऽऽ असा पावसासारखा बारीक आवाज. १९२८ साली बेल लॅब्समध्ये जॉन्सनने मोजून आणि नायक्विस्टने गणित मांडून दाखवलं की कुठलाही रेझिस्टर, त्यातून करंट जात नसला तरी, केवळ तापमानामुळे नॉईज देतो. रेझिस्टर जेवढा मोठा तेवढा हा नॉईज जास्त, चौपट ओहम तर दुप्पट नॉईज. खोलीच्या तापमानाला १ किलोओहमचा रेझिस्टर एका हर्ट्झच्या बँडविड्थमध्ये सुमारे ४ नॅनोव्होल्ट देतो. हा ४ चा आकडा लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. आणि ट्यूबमध्ये तापलेल्या कॅथोडपासून निघालेले इलेक्ट्रॉन एकेक करून प्लेटवर येऊन पडतात त्याचा शॉट नॉईज असतो, जो शॉट्कीने १९१८ मध्येच सांगितला होता. पण ट्रायोडमध्ये (कॅथोड, प्लेट आणि मध्ये सिग्नल लागतो ती ग्रिड नावाची जाळी, अशा तीन भागांची ट्यूब) कॅथोडभोवती इलेक्ट्रॉनचा जो ढग असतो तो हा नॉईज बराच दाबून टाकतो. ट्रायोडच्या नॉईजचा जुना ढोबळ हिशोब असा की २.५ ला ट्यूबच्या ट्रान्सकंडक्टन्सने, म्हणजे ग्रिडवरच्या एका व्होल्टने प्लेटचा करंट किती बदलतो त्या आकड्याने, भागायचं, तेवढ्या ओहमच्या रेझिस्टरइतका नॉईज. ईसीसी८३ उर्फ १२एएक्स७ घ्या, प्रीअँपची सगळ्यात सर्रास वापरली जाणारी ट्यूब. तिचा ट्रान्सकंडक्टन्स १.६ मिलिअँपिअर प्रति व्होल्ट, म्हणजे उत्तर येतं साधारण दीड किलोओहम, म्हणजे ५ नॅनोव्होल्ट.

आता तुलना करा. टीएल०७२ नावाची आयसी, जी हजारो सॉलिड स्टेट प्रीअँपमध्ये आणि मिक्सरमध्ये बसलेली आहे, तिच्या जुन्या डेटाशीटमध्ये हाच आकडा १८ नॅनोव्होल्ट आहे. म्हणजे मधल्या आणि वरच्या सुरांत ट्यूब त्या आयसीपेक्षा तिपटीहून शांत. एनई५५३४ आयसी घेतली तर तिचा आकडा ४ च्या आसपास, म्हणजे ट्यूबपेक्षा किंचित बरी. आणि नीट निवडलेला ट्रान्झिस्टर १ मिलिअँपिअरवर चालवला तर तो १ नॅनोव्होल्टच्याही खाली जातो, इथे ट्यूब त्याच्या जवळपासही येत नाही, हे मोकळेपणाने मान्य करतो. ट्यूबचा खालच्या फ्रिक्वेन्सीचा फ्लिकर नॉईज वेगळा, तो धरला तर पूर्ण ऑडिओ बँडमध्ये ईसीसी८३ इनपुटपाशी साधारण १ ते २ मायक्रोव्होल्टपर्यंत जाते. पेंटोड, म्हणजे स्क्रीन धरून पाच भागांची ट्यूब, घेतली तर स्क्रीन आणि प्लेटमध्ये करंट वाटला जातो त्याचा आणखी नॉईज वाढतो, म्हणून पहिल्या स्टेजला शहाणा डिझायनर शक्यतो ट्रायोडच लावतो. पण मुद्दा असा की ‘ट्यूब म्हणजे हिस’ हे सरसकट वाक्य आकड्यांपुढे टिकत नाही.

मग ट्यूब अँपमध्ये हिस जास्त का ऐकू येतो, कारण येतो हे खरं आहे, मी नाकारत नाही. याचं उत्तर ट्यूबमध्ये कमी आणि ट्यूबच्या भोवतीच्या रेझिस्टरमध्ये जास्त आहे. ट्यूबचं सर्किट मोठ्या ओहमचं असतं. व्हॉल्यूमचा पॉट, म्हणजे बटणामागचा बदलता रेझिस्टर घ्या. ट्यूब अँपमध्ये २५० किलो, ५०० किलो, कधी १ मेगओहमचा असतो. ५०० किलोचा पॉट इलेक्ट्रिकली मध्यावर ठेवला तर पुढच्या स्टेजला तो १२५ किलोओहमचा सोर्स (सिग्नल जिथून येतो त्याचा रेझिस्टन्स) दिसतो, त्याचा २० किलोहर्ट्झमध्ये नॉईज साडेसहा मायक्रोव्होल्टच्या जवळ. सॉलिड स्टेटमध्ये १० किलोचा पॉट चालतो, मध्यावर अडीच किलो, नॉईज ०.९ मायक्रोव्होल्ट. म्हणजे १ ते २ मायक्रोव्होल्टवाल्या ट्यूबला लोक नावं ठेवतात आणि साडेसहावाला पॉट शेजारी गुपचूप बसलेला असतो! आता कोणी म्हणेल मग ट्यूब अँपलाही छोटा पॉट लावा, तर हो, लावता येतो, सीडी प्लेअर किंवा डॅकसारखा (डिजिटलचं अ‍ॅनालॉग करणारी पेटी) आजचा सोर्स १० किंवा २० किलो सहज चालवतो, फक्त मागे दुसरी ट्यूब स्टेज असेल तर ती एवढा लोड ओढू शकते का ते बघावं लागतं. जुन्या सेटमध्ये अजून एक भानगड असते ती कार्बन कंपोझिशन रेझिस्टरची. हे रेझिस्टर त्यांच्यावर डीसी व्होल्टेज असेल तर जॉन्सनच्या हिशोबापेक्षा बराच जास्त नॉईज करतात, आणि प्लेटच्या रेझिस्टरवर तर शंभराच्या वर व्होल्ट असतात. तिथे मेटल फिल्म टाकला की हिस आणि मधूनमधून होणारी चुरचुर एकदम खाली येते. लोक महागड्या जुन्या ट्यूबच्या जोड्या शोधत फिरतात, एक काढ दुसरी लाव, आणि दोष त्या दोन साध्या रेझिस्टरचा असतो. मला याचं फार वाईट वाटतं.

उलट बाजूही बघा. ट्रान्झिस्टरच्या बेसमधून करंट जातो आणि त्या करंटलाही शॉट नॉईज असतो. १ मिलिअँपिअर कलेक्टर करंट आणि गेन २०० धरला तर बेसचा करंट ५ मायक्रोअँपिअर, त्याचा नॉईज १० किलोच्या सोर्सवर जवळपास १२-१३ नॅनोव्होल्ट, म्हणजे त्या १० किलोच्या स्वतःच्या नॉईजएवढाच. सोर्स १०० किलोचा केला तर तोच १२५ च्या आसपास जातो, रेझिस्टरच्या ४० च्या तिप्पट. म्हणून मोठ्या ओहमच्या सोर्सला साधा ट्रान्झिस्टर तसाच लावला तर तो ट्यूबपेक्षा वाईट ठरतो, करंट कमी करावा लागतो नाहीतर जेफेट, म्हणजे इनपुटला जवळजवळ करंट न घेणारा ट्रान्झिस्टर, लावावा लागतो. कंडेन्सर मायक्रोफोनच्या कॅप्सूलला तर गिगाओहमच्या घरातलं सर्किट लागतं, म्हणून तिथे आधी ट्यूब आली आणि नंतर थेट फेट (त्याच जातीचा ट्रान्झिस्टर). नॉयमन या जर्मन कंपनीच्या यू४७ मायक्रोफोनमध्ये व्हीएफ१४ ट्यूब होती, यू६७ मध्ये ईएफ८६, आणि १९६७ च्या यू८७ मध्ये फेट. उलट रेकॉर्ड प्लेअरच्या मूव्हिंग कॉइल कार्ट्रिजचा (सुईच्या पिकअपचा) सोर्स असतो १० ओहमच्या आसपास आणि सिग्नल अर्ध्या मिलिव्होल्टच्याही खाली, तिथे ट्यूब थेट लावली तर हिसमध्ये सिग्नल बुडतो, ट्रान्झिस्टर किंवा मग मध्ये स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर हवाच. म्हणजे कोण शांत हे सोर्स बघितल्याशिवाय ठरतच नाही, आणि तुमच्या लेखात सोर्सचा उल्लेखच नव्हता.

आता खरी घरघर, म्हणजे हम. इथे मात्र ट्यूबला जन्मतःच जास्त काळजी लागते आणि ही काळजी घेतलेली नसते म्हणून तिचं नाव खराब होतं. पहिलं कारण हीटर. ट्यूबच्या पोटात ६.३ व्होल्टचा हीटर असतो, आणि तो बहुतेक वेळा सरळ ट्रान्सफॉर्मरच्या एसीवर चालतो. म्हणजे ज्या ग्रिडवर मिलिव्होल्टचा सिग्नल आहे तिच्यापासून काही मिलिमीटरवर ५० हर्ट्झचा बऱ्यापैकी करंट वाहतोय. उपाय सगळे जुने आणि माहितीतले आहेत. हीटरच्या दोन वायर घट्ट पीळ देऊन चॅसिसच्या कोपऱ्यातून न्यायच्या. हीटर वाइंडिंगचा मध्य ग्राउंड करायचा, सेंटर टॅप नसेल तर दोन १०० ओहमचे रेझिस्टर लावून खोटा मध्य बनवायचा. हीटरला कॅथोडपेक्षा ३०-४० व्होल्ट वर उचलून ठेवायचं, म्हणजे हीटरमधून कॅथोडकडे जाणारी गळती बंद होते. आणि फारच नाजूक स्टेज असेल, फोनोसारखी (रेकॉर्ड प्लेअरची), तर सरळ डीसी हीटर. ईएफ८६ ट्यूबमध्ये तर हमसाठीच आतला हीटर पीळ देऊन बनवलेला आहे आणि शील्डही आतच आहे, म्हणजे ट्यूब बनवणाऱ्यांनीसुद्धा हम हा स्वभाव म्हणून सोडून दिला नव्हता, त्यांनी त्याच्यावर काम केलं होतं.

दुसरं कारण बी प्लस, म्हणजे प्लेटची हाय व्होल्टेज सप्लाय. एसीचं डीसी करणाऱ्या रेक्टिफायरनंतर जो १०० हर्ट्झचा रिपल, म्हणजे सप्लायमधला चढउतार, उरतो तो ट्रायोड स्टेज फार अडवत नाही. ईसीसी८३ चा आतला रेझिस्टन्स साधारण ६२ किलो आणि प्लेटचा रेझिस्टर १०० किलो धरा, दोघांचा डिव्हायडर होतो आणि सप्लायवरच्या रिपलचा ३८ टक्के भाग सरळ पुढच्या स्टेजच्या ग्रिडवर जाऊन बसतो. कॅथोडचा बायपास कपॅसिटर काढला असेल तर आणखी जास्त. सॉलिड स्टेटमध्ये इनपुटला रिपल अडवणारी डिफरन्शियल पेअर आणि करंट सोर्स अशी रचना आणि वर भरपूर फीडबॅक (आउटपुटचा काही भाग परत इनपुटकडे देणं), त्यामुळे सप्लाय थोडी घाणेरडी असली तरी खपून जाते. ट्यूबमध्ये खपत नाही, प्रत्येक स्टेजला स्वतःचा रेझिस्टर आणि कपॅसिटरचा फिल्टर लागतो. म्हणूनच जुना इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकला की ट्यूब अँप लगेच बोलायला लागतो, आणि एका अर्थी बरंच आहे, निदान बिघाड कळतो तरी. पण तो बिघाड आहे हो, स्वभाव नाही!

दोन आउटपुट ट्यूब एकमेकींच्या उलट दिशेने चालणाऱ्या पुश-पुल अँपमध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या दोन बाजूंना रिपल सारखाच येतो आणि एकमेकाला रद्द करतो, म्हणून दोन आउटपुट ट्यूबचा करंट जुळलेला असेल तर तिथला हम जवळपास गायब असतो. एक ट्यूब म्हातारी आणि एक नवी असेल तर हे रद्द होणं बिघडतं. सिंगल एंडेडमध्ये, म्हणजे अशी उलट जोडी नसलेल्या अँपमध्ये, हा फायदाच नाही. त्यात ३००बी किंवा २ए३ सारखी थेट तापणारी ट्यूब असेल, म्हणजे फिलामेंट हाच कॅथोड, आणि त्याला एसी दिला असेल तर थोडा हम राहतोच, बॅलन्सिंगचा पॉट फिरवून तो कमीत कमी करायचा असतो. वर लोक त्यात फीडबॅकही नको म्हणतात. फीडबॅक आउटपुट स्टेजमध्ये शिरलेला हम सिग्नलच्या मानाने नक्की कमी करतो, पण इनपुटपाशी जो हिस शिरला त्याला तो सिग्नलसकट सारखंच दाबतो म्हणून तिथे रेशो काही सुधारत नाही. हे दोन्ही अर्धवट सांगितलं जातं. एक पार्टी म्हणते फीडबॅकने सगळा नॉईज जातो, दुसरी म्हणते काहीच होत नाही.

मग ऐकणाऱ्याला प्रत्यक्षात काय फरक पडतो? तो स्पीकरवर ठरतो, आणि लेखात स्पीकरचा शब्दच नाही. टर्मिनलवर १ मिलिव्होल्ट नॉईज आहे असं धरा. २.८३ व्होल्टला ८८ डेसिबल देणारा नेहमीचा स्पीकर असेल तर १ मीटरवर तो नॉईज १९ डेसिबल होतो, शांत खोलीतसुद्धा त्याच्यापेक्षा जास्त आवाज असतो, बसल्या जागी काही कळणार नाही. तोच अँप १०४ डेसिबलच्या हॉर्न स्पीकरला लावला तर ३५ डेसिबल, आणि हे स्पष्ट ऐकू येतं. म्हणजे हॉर्नवाल्याने तक्रार केली तर अँप वाईट आणि छोट्या स्पीकरवाल्याने केली नाही तर अँप चांगला, असं होत नाही, दोघांकडे अँप तोच आहे. गंमत बघा, कमी पॉवरचे सिंगल एंडेड ट्यूब अँप नेमके अशाच हॉर्नबरोबर वापरले जातात, त्यामुळे ज्याला सगळ्यात जास्त शांतता हवी तोच सगळ्यात बोलका अँप घेऊन बसतो. माझं स्पष्ट मत आहे की हॉर्नसाठी बनवलेल्या अँपमध्ये ०.२-०.३ मिलिव्होल्टच्या वर हम असेल तर तो अँप अर्धवट बनवलेला आहे, मग त्यात कितीही नामवंत ट्यूब असो.

सॉलिड स्टेट सगळीकडे शांत असतो हेही तितकंच कच्चं आहे. स्टुडिओत टेबलावर कानाजवळ ठेवायचे पॉवर्ड मॉनिटर बघा, गाणं थांबवल्यावर ट्विटरमधून सूं ऐकू येतो, कारण आत गेन भरपूर आणि माणूस हाताच्या अंतरावर. कानात घालायचे बारीक इअरफोन काही १ व्होल्टला १२५ डेसिबलपर्यंत जातात, तिथे अँपचा फक्त १० मायक्रोव्होल्ट नॉईज म्हणजे २५ डेसिबल थेट कानात. खराब आयसीमध्ये पॉपकॉर्न नॉईज येतो, टप टप असे अचानक उडणारे आवाज, जो आता चांगल्या आयसीत कमी झालाय पण जुन्या सेटमध्ये भेटतो. क्लास डी मध्ये (भराभर चालू-बंद होत चालणाऱ्या अँपमध्ये) शेकडो किलोहर्ट्झचा स्विचिंगचा कचरा असतो, तो कानाला ऐकू येत नाही पण शेजारच्या रेडिओला येऊ शकतो. आणि मोठ्या टोरॉइड ट्रान्सफॉर्मरची गुणगुण तर स्पीकरमधून नाही, पेटीतूनच येते, मेन्समध्ये थोडा डीसी शिरला की वाढते. ती नॉईजच्या आकड्यात कुठेच दिसत नाही, कारण आकडा टर्मिनलवर मोजतात. ट्यूबची स्वतःची अशी एक खोड मात्र आहे ती मायक्रोफोनिक्सची, काचेवर पेन्सिलने टिचकी मारली की स्पीकरमधून टिंग येतं. थोडं टिंग सगळ्यांचंच येतं, पण स्पीकरच्या धक्क्याने आपोआप वाजत राहिली तर ती ट्यूब पहिल्या स्टेजमधून काढून मागे कुठेतरी लावा, तिथे तिचं काही बिघडत नाही.

आणखी एक खटकलं. लेखात असं सुचवलंय की हा थोडासा नॉईजच ट्यूबच्या आवाजाला उबदारपणा देतो. हे कृपया परत छापू नका. ट्यूबच्या आवाजाचा जो रंग लोकांना आवडतो त्यात सेकंड हार्मोनिक, आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि जास्त आउटपुट इम्पिडन्समुळे स्पीकरबरोबर होणारा फरक यांचा वाटा असतो. हम वाढवून कोणाचं गाणं उबदार होत नाही, त्यातला बारीक तानपुरा आणि शेवटचा विरत जाणारा सूर मात्र झाकला जातो.

त्याच पानावर एका वाचकाने विचारलंय की नवीन घेतलेल्या जुन्या ट्यूब अँपमध्ये हम आहे, काय करू, आणि उत्तर दिलंय की सवय होईल. मला त्यांच्यासाठी खरं उत्तर द्यायचंय, तुम्ही छापलंत तर उपकार होतील. पहिली गोष्ट, तीन पिनच्या प्लगची अर्थिंगची पिन हम घालवण्यासाठी कधीही, कधीही काढू नका. ती काढली की ग्राउंड लूप (दोन उपकरणांच्या अर्थमधून करंट फिरण्याचा रस्ता) तुटतो आणि हम जातो, म्हणून सर्रास सांगितलं जातं, पण आत ३०० ते ४५० व्होल्ट आहेत आणि ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन गेलं तर ती पिनच तुमचा जीव वाचवते. अर्थ तसाच ठेवायचा आणि लूप दुसरीकडे तोडायचा, सोर्सच्या बाजूला ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावून.

मग इनपुटच्या सगळ्या केबल काढा आणि इनपुटला शॉर्टिंग प्लग (सिग्नल आणि ग्राउंड जोडणारा) लावा. हम गेला तर अँप निर्दोष, भानगड केबलची, ग्राउंड लूपची किंवा सोर्सची आहे. राहिला तर व्हॉल्यूम फिरवून बघा. व्हॉल्यूमबरोबर बदलत असेल तर पॉटच्या आधीच्या स्टेजमध्ये, बदलत नसेल तर पॉटच्या पुढे किंवा सप्लायमध्ये. आवाजाची जात ऐका. गोल, मऊ, खोल ५० चा हूं असेल तर हीटर, ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र किंवा लूप. त्याच्यापेक्षा एक सप्तक वरचा १०० चा असेल तर फिल्टर कपॅसिटर, आणि करकरीत बझ्झ असेल तर कुठेतरी शील्ड तुटलंय किंवा ग्राउंडचा जॉइंट सैल आहे. फोनवरचं साधं स्पेक्ट्रम ॲप लावून माइक स्पीकरजवळ धरला तरी ५० आणि १०० मधला फरक बहुतेक वेळा दिसतो, फार खोल हम असेल तर फोनचा माइक तो नीट पकडत नाही एवढं लक्षात ठेवा. उघडायचं झालं तर ज्याला हाय व्होल्टेजची सवय आहे त्यालाच उघडू द्या, बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. आणि स्पीकर किंवा लोड न लावता ट्यूब अँप चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो. दुरुस्ती करणाऱ्याला सांगताना ‘हम येतो’ एवढंच न सांगता ‘इनपुट शॉर्ट केल्यावरही १०० हर्ट्झचा येतो, व्हॉल्यूमने बदलत नाही’ असं सांगा, अर्धं काम तिथेच होतं.

तुम्हाला एकच विनंती. पुढच्या वेळी कुठल्याही अँपचं परीक्षण छापाल तेव्हा सिग्नल टू नॉईज रेशोच्या आकड्याबरोबर स्पीकर टर्मिनलवरचा नॉईज मायक्रोव्होल्टमध्ये द्या, इनपुट शॉर्ट करून, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, एकदा वेटिंगशिवाय आणि एकदा ए-वेटिंगने, शिवाय अँपचा गेन किती तेही. एवढ्या चार आकड्यांत वाचक स्वतःच्या स्पीकरसाठी स्वतः हिशोब करू शकतो, आणि ट्यूबवाला की ट्रान्झिस्टरवाला हा वाद त्या अँपपुरता तिथेच मिटतो. आणि मागच्या तक्त्यातले दोन आकडे कुठल्या पॉवरच्या संदर्भाने घेतले होते ते पुढच्या अंकात खुलाशात द्यावं.

आपला,
एक नियमित वाचक